पहिला वाडगा कुणाच्या नावाचा

१२ जुलै, शुक्रवार क्लिवोन

ही वही कारखान्यातली. तासाला किती कॉलर शिवल्या ते लिहायचे रकाने आहेत तिला. मे महिन्यात आम्हा दोनशे बायकांना घरी पाठवलं, तेव्हा मी एक कात्री आणि ही कोरी वही पिशवीत टाकून आणली. चोरीच म्हणा. आता रकान्यांवरून आडवं लिहितेय.

आईच्या छातीतली गाठ गेल्या महिन्यात काढली. काल डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. आठ इंजेक्शनं, दर तीन आठवड्यांनी एक. बाकी सगळा खर्च सरकारी विम्याचं कार्ड उचलेल, हे इंजेक्शन मात्र कार्डात बसत नाही. आठही झाली तर आई पुष्कळ वर्षं काढेल म्हणाले. मी विचारलं, चारच घेतली तर? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा पुसत बसले. मला उत्तर मिळालं.

कारखान्याच्या पैशांतून दोन होतील. उरलेली सहा सोतोच्या, म्हणजे कोंबडीच्या रस्साभाताच्या, टपरीतून काढायची. टपरी आईची, सव्वीस वर्षांची, पाण्याच्या पाटाच्या कडेला, बसथांब्यासमोर. दिवसाला चाळीस वाडगे गेले की आई तो दिवस चांगला म्हणायची. चाळीस वाडग्यांनी, घरखर्च जाऊन, एक इंजेक्शन व्हायला चार महिने लागतील.

आज सुरो या वर्षाच्या पहिल्या महिन्यातला शुक्रवार क्लिवोन, आत्म्यांचा दिवस, थडग्यांवर फुलं वाहायचा. आई सकाळीच फुलांची पुडी घेऊन निघाली. टाके अजून ओढतात, तरी. म्हटलं, कुठे? तर म्हणे, "माझ्या आईच्या थडग्यावर. तुझ्यासारखी मी आईला विसरत नाही." चार वाजता परतली, चेहरा पांढरा पडलेला, पण स्वारी खूश. तिच्या सपाता धुताना माझा जीव गेला, लाल माती नुसती चिकटून बसलेली. आजीचं थडगं तर ज्वालामुखीच्या काळ्या राखेत आहे. बसमध्ये कुणाचा पाय पडला असेल.

१६ जुलै, मंगळवार वागे

टपरी उघडली. आई अंथरुणातून हुकूम सोडत होती. गवती चहा ठेचून घाल, हळद भाजून घे, कोंबडीचं पहिलं पाणी फेक. हे मी परकर-पोलक्याच्या वयापासून बघतेय, तरी माझा रस्सा गढूळ होतो तो होतोच.

मी निघताना आईनं हाक मारली, नेहमीसारखं न्दुक, म्हणजे पोरी, म्हणून. "न्दुक, पहिला वाडगा माझा."

"दुपारी घरी आणून देते की."

"घरी नको. मागच्या फळीवर ठेव, दक्षिणेच्या कोपऱ्यात. चमचा घालू नकोस. टपरी बंद करताना पाटात सोड. मांजरालासुद्धा द्यायचा नाही. आणि ठेवताना माझं नाव घे."

"पोनियेम, जेवायला ये, असं?"

तिचं नाव असं तोंडावर घेतलं, मला वाटलं हसेल. "हो," म्हणाली, "असंच."

आजारी माणसाशी कोण वाद घालणार! ठेवला. एकतीस वाडगे गेले, त्यातला एक मीच खाल्ला.

३० जुलै, मंगळवार पोन

आज आईचा जन्मवार. सात वार आणि पोन, वागे, क्लिवोन असे पाच बाजारवार यांची जोडी पस्तीस दिवसांनी फिरून येते, म्हणजे आई पस्तीस दिवसांनी एकदा नव्यानं म्हातारी होते आणि मला लाल-पांढरी खीर करावी लागते. आज खीर राहिली. सकाळी सातला एक लग्नाची बस टपरीसमोर थांबली, तिच्यामागे दुसरी. मग शाळेचे मास्तर, मग रस्ता खणणारे मजूर. लोक पाटाच्या कठड्यावर बसून खात होते. नव्वद वाडगे! नऊ वाजता पातेलं कोरडं.

मी काही वेगळं केलेलं नाही. उलट आज हळद करपली होती.

आईला पिशवीतून सोतो आणला. पहिल्या इंजेक्शनला आठवडा झाला, उलट्या थांबल्यात. दोन घोट घेऊन वाडगा सरकवला. "चव लागत नाही."

"औषधानं होतं, म्बोक." तोंडावर मी आईला म्बोकच म्हणते. "येईल परत."

"किती गेले?"

"नव्वद."

असा चेहरा उजळला तिचा! तेवढ्यासाठी उद्या दोन कोंबड्या जास्त घालेन.

एक लिहून ठेवते. फळीवरचा वाडगा पाटात सोडायला उचलला तर रश्शाला वासच नव्हता. लसूण, हळद, कोंबडी, काही नाही. नाक जवळ नेलं तरी नाही. बहुतेक दिवसभर वाफेत उभी राहून माझंच नाक बसलंय.

९ ऑगस्ट, शुक्रवार पोन

बू सार्तीशी भांडण. बू म्हणजे काकू, ही आमची शेजारीण, टोफू विकते आणि सोबत गावभरच्या बातम्या फुकट देते. म्हणाली, "निंग, तुझा सोतो टपरीवर खाल्ला तर बोटं चाटावीशी वाटतात. काल घरी नेला, तर भांडी विसळलेलं पाणी बरं."

"गार करून खाल्ला असशील."

"गरम करून खाल्ला." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "ज्या टपरीवर ते, बाहेरचं, येऊन बसतं ना, तिथलं खाणं तिथेच गोड लागतं. घरी नेलं की पाणी."

मी म्हटलं, बू, तुझा टोफू तर टपरीवरही पाण्यासारखाच लागतो, तुझ्याकडे कोण येऊन बसलंय? ती तणतणत गेली. बरं झालं. म्हणे ते बसतं! चार गिऱ्हाइकं वाढली की लगेच लोकांच्या पोटात दुखायला लागतं.

पण आईही घरीच खाते, आणि तिलाही चव लागत नाही. तिचं औषधानं आहे.

३ सप्टेंबर, मंगळवार पोन

पुन्हा जन्मवार. एकशे तीस वाडगे. वाडगे विसळायला हात पुरेनात, लोक एकमेकांचे उष्टे वाडगे स्वतःच विसळून पुढे करत होते. कुणी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि नुसता चमच्यांचा आवाज. मला एकदम वाटलं, ओरडावं, काहीतरी बोला रे!

घरी आले तर आई न्हाणीत पडलेली. भिंतीला टेकवून बसवलं. डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "किती गेले?"

"खड्ड्यात गेले. कधीची पडलीस?"

"किती, न्दुक?"

सांगितलं. तशी शांत झाली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

उद्याचं तिसरं इंजेक्शन आठवडाभर पुढे गेलं. रक्त कमी आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार वागे

योनोचा फोन. धाकटा भाऊ, मला म्बाक, म्हणजे ताई, म्हणतो, बाताम बेटावर क्रेन चालवतो, दर महिन्याला पैसे पाठवीन म्हणतो. आज पैशाचं बोलला नाही. घसा खाकरत राहिला.

"म्बाक, गावातून कुणीतरी कळवलंय. लोक म्हणतात तू ते केलंस."

"काय ते?"

"डोंगरातलं. धंदा चालतो, पण बदल्यात घरातलं एक माणूस द्यावं लागतं, तसलं. म्हणतात, निंग आईला पातेल्यात घालतेय."

मी फोन आपटला. मग पाटाच्या कडेला बसून खूप रडले. पहाटे साडेतीनला उठते, हाताला फोड आलेत, तीन इंजेक्शनं झाली आणि चौथ्याचे पैसे डब्यात आहेत. आणि मी आईला पातेल्यात घालतेय? त्या बू सार्तीच्या टोफूत रॉकेल ओतायला हवं.

८ ऑक्टोबर, मंगळवार पोन

आई रविवारपासून इस्पितळात. ताप उतरत नाही. योनोच्या बायकोची बहीण तिच्याजवळ बसली म्हणून मी टपरी उघडली, पाचवं इंजेक्शन डोक्यावर आहे. एकशे साठ वाडगे.

गर्दी ओसरल्यावर पाक गिमान, आमचे गिमानकाका, आले. वाळूचा ट्रक चालवतात, आईच्या वेळचं गिऱ्हाईक, मोजून बोलणारा माणूस. खाता खाता म्हणाले, "तुझी म्बोक बरी दिसतेय आता."

"कुठची बरी? इस्पितळात आहे."

"मग मागे कोण बसलंय?"

मी वळून पाहिलं. फळी, फळीवर आईचा वाडगा. बाकी कुणी नाही.

"आत्ता होती की," ते म्हणाले. "पाठमोरी. केस मोकळे सोडून जेवत होती."

आईच्या डोक्यावर आता एक केस नाही, हे मी त्यांना बोलून गेले. बोलायला नको होतं. त्यांनी चमचा ठेवला, पैसे ठेवले आणि ट्रकचं दार उघडं असतानाच गाडी चालू केली.

रस्सा पाटात सोडला. वाडगाही हातातून सुटून वाहून गेला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार लेगी

आज विचारलं. ताप उतरलाय तिचा.

"म्बोक, सुरोत तू आजीकडे गेली नव्हतीस."

"नव्हते."

"ती माती लाल होती."

"दक्षिणेच्या डोंगरातली." माझ्याकडे न बघता चादरीची किनार सरळ करत होती. "तिथे एक नाव द्यावं लागतं. मी माझं दिलं. दुसऱ्या कुणाचं नाही, तुझ्या गळ्याची शपथ."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तू स्वतःला विकून स्वतःचं औषध घेतेयस? कुठल्या शाळेत शिकलीस हा हिशोब?"

"औषध मी कधी मागितलं?" आता तीही तापली. "तुझा कारखाना बंद. नवरा पळालेला. पोरबाळ नाही. माझ्यामागे तुझ्या हातात चालती टपरी असावी म्हणून गेले होते मी. नाहीतरी मरायचंच होतं, म्हटलं उपयोगी पडू दे. आणि तू मूर्ख पोरगी, आलेलं सगळं माझ्याच दंडात ओततेयस!"

दोघी ओरडत होतो, मग दोघी रडत होतो. शेवटी नर्स आली आणि म्हणाली, इथे आजारी माणसं आहेत.

मी असलं काही मानत नाही. कारखान्यात दहा वर्षं काढलेली बाई आहे मी, धागा तुटला तर सुई बघते, भुतं नाही. पण उद्यापासून वाडगा बंद.

२० ऑक्टोबर, रविवार क्लिवोन

आठ दिवस झाले वाडगा ठेवला नाही. गिऱ्हाइकं एकोणीस. काल चौदा. लोक टपरीसमोरून जातात, मान वर करत नाहीत. आणि गंमत म्हणजे रस्सा हल्ली खरोखर चांगला होतो, नितळ, आईच्या तोडीचा. मीच चाखते आणि मीच वाहवा म्हणते.

आई परवा घरी आली. आज सोतो दिला तर तोंड वाकडं केलं. "लिंबू शिळं आहे."

"काय म्हणालीस?"

"लिंबू. शिळं. बहिरी झालीस?"

तिला चव कळली! मी तिचा मुका घेतला, तर म्हणे लिंबासाठी एवढं?

२३ ऑक्टोबर, बुधवार पोन

पाचवं झालं. मोटरसायकल विकून. आता आणखी विकण्यासारखं घरात एक शिवणयंत्र आहे आणि एक बू सार्तीची कोंबडी, जी आमच्याच अंगणात असते. योनोनं थोडे पाठवले, सोबत दहा मिनिटांचा उपदेश.

डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडतंय, आता मध्येच थांबवू नका. तीन राहिली. पुढचं तेरा नोव्हेंबरला. मी त्यांना हो म्हटलं आणि बसथांब्यापर्यंत चालताना हिशोब करत राहिले. शिवणयंत्राचे धरूनही एकसुद्धा होत नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार पाहिंग

माझा जन्मवार. आईनं स्वतः उठून लाल-पांढरी खीर केली, गुळाची लाल, नारळाच्या दुधाची पांढरी. पाच महिन्यांत पहिल्यांदा चुलीपाशी उभी राहिली. तिच्या हातातला डाव बघत राहिले. ही बाई मला हवी आहे. एवढंच मला कळतं, बाकी काही कळत नाही.

टपरीवर गेले आणि पहिला वाडगा वाढला. मागच्या फळीवर, दक्षिणेच्या कोपऱ्यात. चमचा नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी लाज वाटली. हळूच स्वतःचंच नाव घेतलं, "निंगसिह, जेवायला ये."

मी मानत नाहीच. पण न मानणाऱ्या माणसानं एक वाडगा ठेवला तर बिघडतं काय? चार घास भात आणि पळीभर रस्सा.

दहा वाजता पातेलं रिकामं.

१३ नोव्हेंबर, बुधवार वागे

सहावं झालं. सगळे नगद मोजून दिले. आईचं वजन दोन किलोनं वाढलंय, नर्सशी भांडली, भात कमी देतात म्हणून. कालचा तिचा जन्मवार साधा गेला, काही झालं नाही.

मला बहुतेक सर्दी झालीय. तोंडाला चव नाही.

११ डिसेंबर, बुधवार पाहिंग

सातवं गेल्या आठवड्यात झालं. आज माझा जन्मवार, एकशे ऐंशी वाडगे. उभ्या उभ्या माझे पाय गेले, कुणा गिऱ्हाइकानं बाकावर बसवलं आणि तो पुन्हा आपला खायला लागला.

तेवढ्यात आई आली! चालत, डोक्याला रुमाल बांधून, न सांगता. मी घाईघाईनं फळीवरच्या वाडग्यापुढे भाताची टोपली सरकवली. ती सरळ पातेल्यापाशी गेली, पळीतला रस्सा चाखला आणि पाटात थुंकली.

"मीठ किती घातलंस? समुद्र केलास."

"कुणी काही बोललं नाही."

आईनं बाकांवर नजर फिरवली. वीसेक माणसं खाली मान घालून खात होती. एकजण वाडगा चाटत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू चाखलं नाहीस?"

"घाईत राहिलं."

"पहिला वाडगा ठेवतेस अजून?"

"वेडी आहेस का? तेव्हाच बंद केला."

तिनं भाताच्या टोपलीकडे पाहिलं. दुपारभर वाडगे विसळत बसली.

२६ डिसेंबर, गुरुवार पाहिंग

आठवं झालं! आठ!! डॉक्टरांनी हात मिळवला. आई त्यांना म्हणाली, टपरीवर या, पण मी असताना या, ही मीठ जास्त घालते. येताना दोघींनी बसमध्ये भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या. आई म्हणाली खवट आहेत. मला चालल्या.

२७ डिसेंबर, शुक्रवार पोन

आज वाडगा ठेवला नाही. सतरा गिऱ्हाइकं. असू देत. पाक गिमान येऊन गेले, अडीच महिने बोलले नाहीत ते आज बोलले. माझी चव उद्या-परवा येईल. आईची आठवड्यात आली होती.

२ जानेवारी, गुरुवार वागे

चव नाही आली. अंग मोडून आलंय, वारा शिरला असणार. आईनं पालथं झोपवून तेल लावलं आणि नाण्यानं पाठ खरवडली, लहानपणी करायची तशी. लाल पट्टे उमटले की वारा निघतो. ती गाणं गुणगुणत होती. पाठीवरून बरगडीवर आली, मग डाव्या काखेपाशी तिचा हात थांबला. गाणंही थांबलं.

"हे कधीपासून आहे?"

"काय?"

तिथेच दोन बोटांनी दाबत राहिली.

"काही नाही," म्हणाली. "घामोळं." आणि पुन्हा खरवडायला लागली, पण नाणं दोनदा हातातून पडलं. तिच्या हातात अजून जोर आलेला नाही. मला मात्र बरं वाटलं, लगेच झोप लागली.

३ जानेवारी, शुक्रवार क्लिवोन

उठले तर आई घरात नाही. अंथरूण घडी केलेलं, सपाता नाहीत. बू सार्ती म्हणाली, पहिल्या बसनं गेली, हातात फुलांची पुडी होती, म्हणाली आईच्या थडग्यावर जातेय.

दिवसभर मी टपरी उघडली नाही. दारात बसून होते.

चार वाजता आली. दमलेली, पण स्वारी खूश. सपाता दाराबाहेर काढल्या. त्यांना काय लागलं होतं ते मी पाहिलं आणि मी पाहिलं हे तिनंही पाहिलं. ती आत गेली आणि चहा टाकला. मी सपाता पाटावर नेऊन धुतल्या, काठीनं उकरून उकरून.

परत आले तेव्हा दोन पेले भरून ठेवले होते. एक घोट घेतला आणि जीभ चरचरली. गोड! दोन महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी गोड लागलं. घशाखाली उतरेना, एवढं गोड.

"म्बोक, साखर किती घातलीस?"

तिनं आपला पेला संपवून खाली ठेवला होता.

"जास्त झाली का?" ती म्हणाली. "मला काही कळलं नाही."